डहाणू-बोर्डीचे कुरव खरोखर कमी झाले आहेत का?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकचा, पक्षी पाहण्याचा छंद गेल्या सहा-सात वर्षांचा. दर हिवाळ्यात एकदा आम्ही घरातली सगळी मंडळी त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या रस्त्याने डहाणू-बोर्डीला जातो. गेल्या वर्षी जानेवारीत बोर्डीच्या पुळणीवर कुरवांचा (म्हणजे सीगलचा) इतका मोठा थवा बसलेला होता की सुरूच्या झाडांमधून पाहताना किनाऱ्यावर चुना सांडल्यासारखा वाटत होता. या वर्षी जानेवारीच्याच दुसऱ्या आठवड्यात, त्याच ठिकाणी, मोजून काही पक्षी दिसले आणि तेही दूर चिखलात. मे महिन्यात दोनदा गेलो होतो, तेव्हा तर एकही दिसला नव्हता.

प्रदूषण, किनाऱ्यावरची वाढती वर्दळ आणि मासळीचा दुष्काळ यांमुळे आपल्या किनाऱ्यावरचे कुरव झपाट्याने कमी होत आहेत, असे माझे मत बनले आहे. हे पाहून मला मनापासून वाईट वाटले, म्हणून हा धागा काढला. इतरांचा अनुभव काय आहे? नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर नियमित जाणाऱ्यांनीही कृपया लिहावे.

निफाडकर

मे महिन्याचे उत्तर सोपे आहे, ते आधी देतो. आपल्या किनाऱ्यावर दिसणारे कुरव इथे वीण करत नाहीत. ते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येऊ लागतात, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांची संख्या सर्वांत जास्त असते आणि मार्च-एप्रिलमध्ये ते परततात. मेमध्ये किनारा रिकामा दिसणे हा ऱ्हास नाही, तो ऋतू आहे. अगदीच एकही पक्षी नसतो असेही नाही. वयात न आलेले काही पक्षी उत्तरेकडे न जाता उन्हाळाभर इथेच रेंगाळतात, परंतु ते इतके थोडे आणि विखुरलेले असतात की सहलीला गेलेल्या माणसाला ते दिसतीलच असे नाही.

जानेवारीतला फरक मात्र विचार करण्यासारखा आहे.

चापडगावफेरी

दोन्ही वर्षी आपण किनाऱ्यावर किती वाजता पोहोचलात आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी? हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ

गेल्या वर्षी मुक्काम केला होता, त्यामुळे सकाळी आठच्या सुमारास पुळणीवर होतो. या वर्षी नाशिकहून सकाळी निघून, वाटेत जव्हारला थांबून, दुपारी चार-साडेचारला पोहोचलो. भरती-ओहोटीकडे लक्ष दिले नव्हते. पाणी बरेच आत गेलेले होते, एवढे आठवते. दोन्ही वर्षी जानेवारी महिना होता आणि जागाही तीच होती, म्हणून तुलना योग्य आहे असे मी धरून चाललो.

खाजणवाट

माझे माहेर सातपाटी, सासर नाशिक. वडिलांची होडी होती, त्यामुळे या प्रश्नावर मला लिहावेसे वाटते.

गोदाकाठ दादा, तुमच्याकडे दिनदर्शिका असेल तर दोन्ही दिवसांच्या तिथ्या पाहा. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते आणि डहाणूकडे भरती मुंबईपेक्षा थोडी उशिरा येते, पण हिशेब चुकत नाही. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

बोर्डीला ओहोटीचे पाणी फार लांब जाते. पूर्ण भरतीला कुरवांना बसायला पुळणीची वरची अरुंद पट्टीच शिल्लक राहते, म्हणून ते सगळे एका जागी, माणसांच्या जवळ, दाटीने बसतात. ओहोटी लागली की तेच पक्षी उघड्या पडलेल्या चिखलावर खेकडे आणि किडे शोधत पांगतात. पक्षी तेवढेच असतात, पण ते तुमच्यापासून लांब आणि एकमेकांपासूनही लांब गेलेले असतात.

गोदाकाठ

आत्ताच तिथ्या पाहिल्या. गेल्या वर्षीचा दिवस एकादशीचा होता. या वर्षी पौष शुद्ध त्रयोदशी. त्रयोदशीची पाऊणपट म्हणजे पावणेदहा, डहाणूसाठी थोडे पुढे धरले तर साडेदहा, आणि त्यात सहा तास मिळवले की दुपारचे साडेचार. म्हणजे मी नेमका ओहोटीच्या तळाला तिथे उभा होतो.

खाजणवाट ताई, मनापासून आभार. लहानपणापासून तिथी फक्त उपासासाठी पाहत आलो, समुद्राचे वेळापत्रक तीत लिहिलेले असते हे आज कळले.

खाजणवाट

एक गोष्ट मात्र राहिली. निफाडकर म्हणतात की कुरव सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि ऋतूमुळे येतात. माझ्या वडिलांचे म्हणणे वेगळे होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या नियमित समुद्रात जाऊ लागतात, जेटीवर म्हावरं निवडायला बायका बसतात, नको ती बारीक मासळी बाजूला पडते आणि त्यानंतरच हे पक्षी दिसू लागतात. ज्या आठवड्यात वादळाच्या इशाऱ्यामुळे होड्या ओढून ठेवलेल्या असतात त्या आठवड्यात जेटीवर एकही कुरव नसतो. त्यामुळे कुरव होड्यांच्या मागे येतात असे आम्ही लहानपणापासून मानत आलो आणि डोळ्यांनी पाहतही आलो.

उत्तरवारा

ताईंचे निरीक्षण खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वाधिक आढळणाऱ्या लहान कुरवांच्या दोन जाती आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या आणि तिबेटच्या पठारावरच्या उंच सरोवरांवर घरटी करतो. भारतात तो लडाखमध्ये वीण करतो. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये मी तिथल्या त्सो मोरिरी आणि त्सो कार या सरोवरांवर गेलो होतो. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या त्या निळ्या पाण्यावर, बर्फाच्या डोंगरांसमोर, पूर्ण तपकिरी डोके झालेला हा पक्षी पाहिला तेव्हा डहाणूच्या जेटीवर मासळीसाठी भांडणारा पक्षी तो हाच, यावर विश्वास बसायला मला वेळ लागला. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून सायबेरियामार्गे थेट कामचाटकापर्यंतच्या पट्ट्यात वीण करतो. मोठ्या कुरवांपैकी ह्यूग्लिनचा कुरव उत्तर रशियाच्या टुंड्रा प्रदेशातून येतो, तर पलासचा कुरव कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान ते मंगोलिया या भागातल्या सरोवरांवरून येतो.

ही सरोवरे आणि दलदली हिवाळ्यात गोठतात. पाणी गोठले की अन्न संपते, म्हणून हे पक्षी दक्षिणेकडे सरकतात. सातपाटीच्या होड्या केव्हा निघाल्या याचा त्सो कारवरच्या पक्ष्याला पत्ता असण्याचे कारण नाही. नारळी पौर्णिमा आणि कुरवांचे आगमन ही दोन्ही पावसाळा सरण्याच्या सुमारास होतात, म्हणून ती एकामागोमाग येतात, एवढाच त्यांचा संबंध.

खाजणवाट

उत्तरवारा, पक्षी कुठून येतात हे तुम्ही सांगितलेत ते मी मान्य करते. परंतु होड्या बंद असल्या की जेटी ओस पडते, हे कसे समजावून सांगाल? त्या आठवड्यात पक्षी तिबेटला परत जाऊन पुन्हा येत नाहीत.

चापडगावफेरी

मला वाटते, तुम्ही दोघेही वेगवेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे देत आहात. पक्षी केव्हा येतील आणि केव्हा जातील हे उत्तरेकडचे थंडीचे मान आणि तिथला विणीचा काळ ठरवतो. आल्यानंतर सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या आपल्या किनाऱ्यावर ते नेमके कुठे जमतील हे मात्र इथली परिस्थिती ठरवते: होड्या, जेटी, खाडीच्या तोंडाचा चिखल, शहरांचे सांडपाणी, भरतीला बसायला सुरक्षित जागा.

याचा पुरावा आपल्याकडे आतल्या भागातही आहे. उजनीच्या जलाशयावर भिगवणला दर हिवाळ्यात कुरवांचे मोठे थवे येतात आणि तिथे समुद्र नाही, ट्रॉलर नाहीत. ते पक्षी होड्यांच्या ओढीने महाराष्ट्रात आले असे म्हणता येणार नाही. पण त्याच भिगवणला मासेमाराची होडी जाळे उचलू लागली की विखुरलेले सगळे कुरव पाच मिनिटांत तिच्याभोवती घिरट्या घालू लागतात, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिले असेल. म्हणजे आगमनाचे कारण उत्तरवारा सांगतात ते, आणि जमण्याचे कारण ताई सांगतात ते.

गोदाकाठ यांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. एका जेटीवरचे किंवा एका पुळणीवरचे पक्षी कमी झाले म्हणजे कुरव कमी झाले असे होत नाही. ते वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरावर गेले असतील.

निफाडकर

संपूर्ण अनुमोदन. नांदूर मधमेश्वरबद्दल विचारले होते, म्हणून लिहितो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेला हा जलाशय उथळ आणि गाळाचा आहे, त्यामुळे बदके, चिखलपायटे आणि करकोचे यांना तो फार मानवतो. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरला, याचा आम्हा निफाडकरांना अभिमान आहे. पण कुरवांसाठी तो मुक्कामाचे मोठे ठिकाण नाही. हिवाळ्यात काही दिसतात, काही वर्षी जवळजवळ दिसत नाहीत. सिंचनाच्या आवर्तनासाठी पाणी सोडले की जलाशयाची पातळी आठवड्यात बदलते आणि पक्ष्यांची मांडणीही बदलते. म्हणून इथल्या एका फेरीवरून कुरवांविषयी काहीही ठरवू नये.

पंचवटी_पायी

विषयाला थोडे सोडून विचारतो, पण शंका खरी आहे. मागच्या एप्रिलमध्ये गंगापूर धरणाच्या काठी मी स्पष्टपणे सीगल पाहिले. पांढरे-करडे अंग, काळे डोके, पाण्यावर झेपावत होते. निफाडकर म्हणतात की एप्रिलपर्यंत ते परत जातात. मग हे कोण?

निफाडकर

चोच पिवळी होती का? शेपटी दुभंगलेली होती का?

पंचवटी_पायी

हो, चोच पिवळीधमक होती. शेपटी कात्रीसारखी.

निफाडकर

मग तो नदी सुरय. कुरव आणि सुरय नात्याने जवळचे, पण वेगळे. सुरय सडपातळ असतो, पंख लांब व टोकदार, शेपटी दुभंगलेली, आणि तो हवेत थबकून थेट पाण्यात सूर मारतो. कुरव अंगाने भरलेला असतो, शेपटी गोलसर किंवा सरळ कापल्यासारखी, आणि तो बहुधा पृष्ठभागावरूनच अन्न उचलतो किंवा दुसऱ्याचे हिसकावतो. नदी सुरय आपला बारमाही रहिवासी आहे. मार्च ते मे या काळात नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर तो उघड्यावर अंडी घालतो. गोदावरीतल्या वाळूउपशाचा सर्वांत मोठा फटका त्याला बसतो आणि त्याच्याबद्दल बोलणारे फार थोडे आहेत. आपण त्याला पाहिलेत, हे चांगलेच झाले. पुढच्या वेळी अंतर राखून त्याच्या बेटावर नजर ठेवा.

उत्तरवारा

ओळखीचा मुद्दा निघाला आहे तर कुरवांबद्दलही लिहितो, कारण संख्येच्या अनेक वादांचे मूळ चुकीच्या ओळखीत असते.

हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके काळे नसते आणि तपकिरी डोक्याच्या कुरवाचे तपकिरी नसते. दोघांचीही डोकी पांढरी होतात आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. शिवाय विणीच्या काळातही काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके खरे तर गडद चॉकलेटी असते. त्यामुळे नावावरून ओळखायला गेलेला माणूस फसतोच. पंख उघडल्यावर पाहावे: तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक रुंद काळे असते आणि त्यात पांढरे ठिपके असतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा असतो. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, दुसऱ्याचा गडद. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते.

मोठ्या कुरवांची गोष्ट आणखी अवघड. ह्यूग्लिनच्या कुरवाला प्रौढ पिसारा यायला सुमारे चार वर्षे लागतात आणि दर वर्षी तो वेगळा दिसतो. जुन्या भारतीय नोंदींत असे बरेच मोठे कुरव ‘हेरिंग गल’ या एकाच नावाखाली आले आहेत, पुढे वर्गीकरण बदलले आणि आज त्यांच्या जाती-उपजाती कोणत्या मानाव्यात यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. जुनी यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून एखादी जात नाहीशी झाली असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. त्यात पुष्कळदा पक्षी नाही, नाव नाहीसे झालेले असते.

पलासचा कुरव मात्र ओळखायला सोपा. घारीएवढा मोठा, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा, आणि फेब्रुवारीत इतरांच्या आधीच डोके कोळशासारखे काळे होते. भिगवणला तो आवर्जून पाहावा.

वैतरणा

मी मुंबईत नोकरी करत असताना गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर लोक कुरवांना गाठी आणि फरसाण उडवत असत. शेकडो पक्षी बोटीबरोबर उडत. तिथे पाहून कोणी म्हणेल की कुरव प्रचंड वाढले. चापडगावफेरी म्हणतात तोच नियम इथेही लागू होतो, फक्त जेटीच्या जागी फरसाणाची पुडी आली. तळलेले, खारवलेले बेसन हे त्या पक्ष्याचे अन्न नाही. त्याने पोट भरते, पण हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी जी चरबी आणि स्नायू मासे-खेकड्यांतून तयार व्हायला हवेत ते होत नाहीत. आता पर्यटक वाढले तसे हे इतर किनाऱ्यांवरही सुरू झाले आहे, आणि मला त्याचा मनस्वी त्रास होतो.

पंचवटी_पायी

वैतरणा, आपला हेतू मी समजतो. परंतु आपल्याकडे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पाखरांना दाणे टाकणे हे पुण्यकर्म मानले जाते आणि माझ्या आजीने आयुष्यभर ते केले. मुक्या जीवाला घास देणाऱ्या माणसाला दोष देताना जरा जपून बोलावे, असे वाटते.

वैतरणा

आपल्या आजींबद्दल मनात पूर्ण आदर आहे, आणि त्या ज्वारी-बाजरीचे दाणे टाकत असणार, जे दाणे टिपणाऱ्या पाखराचे अन्नच आहे. कुरव दाणे टिपणारा नाही. ज्याचे जे अन्न ते त्याला मिळू देणे, हेही त्या पुण्यातच बसते, असे मला वाटते. माझ्या शब्दांनी दुखावले असल्यास क्षमा असावी.

पंचवटी_पायी

नाही, दुखावलो नाही. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

द्राक्षबाग

माझी मुलगी चौथीत आहे. हा धागा मी तिला वाचून दाखवत होते तेव्हा तिने विचारले की समुद्रावर सगळीकडे खारे पाणी असताना कुरव पितात काय. मला उत्तर देता आले नाही.

उत्तरवारा

तिला सांगा की कुरव खारे पाणीच पितो. त्याच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रक्तातले जास्तीचे मीठ गाळून घट्ट खाऱ्या थेंबांच्या रूपात नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. कुरव अधूनमधून डोके झटकतो आणि चोचीच्या टोकावरून थेंब उडतो, तो हाच. गोडे पाणी मिळाले तर तेही तो आनंदाने पितो, म्हणून तो समुद्रावर, उजनीवर आणि लडाखच्या खाऱ्या सरोवरावर अशा तिन्ही ठिकाणी राहू शकतो. आपल्या मुलीने फार चांगला प्रश्न विचारला.

मखमलाबाद

धागा सुरुवातीपासून वाचला. भरती, जेटी, ओळख हे सगळे पटले, पण यातून एक चुकीचा दिलासा मिळू नये, म्हणून लिहितो. ‘कमी दिसले तरी खरे कमी नसतील’ हे जितके शक्य आहे तितकेच ‘खरोखर कमी झाले असतील आणि कारण इथे नसेल’ हेही शक्य आहे.

२००५ सालच्या वसंतात चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूमुळे सहा हजारांहून अधिक पाणपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब हंसांबरोबर तपकिरी डोक्याचे कुरव आणि पलासचे कुरवही होते. कुरवांच्या या दोन्ही जाती आपल्या देशात हिवाळा घालवतात. विणीच्या ठिकाणी असे काही घडले तर त्याचा परिणाम पुढच्या हिवाळ्यांत हजारो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यांवरही उमटू शकतो, आणि आपण मात्र स्थानिक सांडपाण्याला किंवा पर्यटकांना कारण ठरवून मोकळे होऊ. लहान कुरव दोन वर्षांत प्रौढ होतो आणि त्याला दीर्घायुष्य असते. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या तीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. अशा पक्ष्यात विणीची एखाद-दोन वर्षे वाया गेली तरी थवे लगेच विरळ होत नाहीत. प्रौढ पक्षी येत राहतात आणि आपल्याला सारे ठीक वाटते. म्हणून मला विचाराल तर एकूण आकड्याइतकेच, थव्यात पहिल्या हिवाळ्यातली पिल्ले किती आहेत हे पाहणे महत्त्वाचे आहे. ते उत्तरवारांनी सांगितलेल्या शेपटीच्या काळ्या पट्टीवरून कोणालाही करता येते.

चापडगावफेरी

मखमलाबाद यांचा प्रतिसाद मला या धाग्यातला सर्वांत मोलाचा वाटला. त्याला जोडून मोजणीविषयी सांगतो, कारण दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत मी काही वर्षे सहभागी होत आलो आहे. ही गणना १९८७ पासून चालू आहे आणि ती जानेवारीतच घेतात, कारण त्या वेळी पक्ष्यांची हालचाल सर्वांत कमी असते. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये थवे वाटेवर असतात, आज इथे मोजलेला थवा परवा दुसरीकडे पुन्हा मोजला जाण्याची भीती असते. पण म्हणूनच जानेवारीचा आकडा हिवाळी मुक्कामाबद्दल सांगतो, वाटसरूंबद्दल काही सांगत नाही.

किनाऱ्यावर मोजणाऱ्याने एक हिशेब पक्का लक्षात ठेवावा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी आठला भरती असेल तर पुढच्या रविवारी सकाळी आठला ओहोटी असेल. ‘दर रविवारी सकाळी आठला मोजतो’ असे अभिमानाने सांगणारा माणूस खरे तर आलटून पालटून दोन वेगळे किनारे मोजत असतो आणि त्याच्या वहीत संख्या दर आठवड्याला पडते व चढते. पंधरवड्याने गेले तर भरती पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते. खाजणवाट ताईंच्या पाऊणपटीचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

बाकी साधे आहे. भरतीच्या वेळी, थवा बसलेला असताना मोजावे. मोठा थवा दहादहाच्या गटांनी मोजावा, दोघांनी स्वतंत्रपणे मोजावा आणि फरक फार आला तर पुन्हा मोजावा. त्या दिवशी होड्या गेल्या होत्या की नाही, वारा कसा होता, किनाऱ्यावर माणसे आणि कुत्री किती होती, हे आकड्याच्या शेजारी लिहावे. आणि पक्षी दिसले नाहीत तरी शून्य लिहावे. लोक शून्य लिहीत नाहीत, ही फार मोठी अडचण आहे.

खाजणवाट

होड्यांची नोंद ठेवायला सांगितलीत, त्याबद्दल बरे वाटले. माझा भाऊ अजून सातपाटीला असतो. होड्या कोणत्या दिवशी बंद होत्या हे त्याला विचारून मी इथे लिहीत जाईन.

निफाडकर

मी नांदूर मधमेश्वरची बाजू सांभाळतो. पंधरवड्याला एक फेरी, कुरव दिसोत वा न दिसोत. बंधाऱ्याच्या पाण्याची पातळीही लिहीन.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी पुन्हा जाऊन यायचे ठरवले होते.

गेल्या शुक्रवारी, पौष वद्य एकादशीला, रजा टाकून बोर्डीला गेलो. आदल्या रात्री मुक्काम केला आणि सकाळी आठच्या आधी पुळणीवर पोहोचलो. पाणी वर चढत होते. सुरुवातीला तेच दृश्य होते, दूर चिखलावर विखुरलेले पांढरे ठिपके. पाणी जसजसे आत आले तसतसे ते ठिपके उठून मागे, आणखी मागे सरकत आले आणि साडेआठ-नऊच्या सुमारास थवा पुळणीवर दाटीने बसला. मी आणि माझा मेव्हणा वेगवेगळे मोजायला बसलो. पहिल्या वेळी आमचे आकडे जुळले नाहीत, दुसऱ्या वेळी बरेच जवळ आले. बहुसंख्य तपकिरी डोक्याचे होते. शेपटीला काळी पट्टी असलेले पक्षी शोधायला मात्र फार वेळ लागला, कारण बसलेल्या पक्ष्याची शेपटी पंखांखाली झाकली जाते. एका कुत्र्याने थवा उठवला तेव्हा ती नीट दिसली. काही पक्ष्यांच्या डोक्यावर तपकिरी छटा चढू लागली आहे.

गेल्या वर्षीपेक्षा हे कमी की जास्त, ते मला सांगता येणार नाही, कारण गेल्या वर्षी मी मोजले नव्हते, फक्त पाहिले होते. म्हणून सुरुवातीच्या लेखात ‘झपाट्याने कमी होत आहेत’ असे जे लिहिले ते मी मागे घेतो. मखमलाबाद यांची शंका तशीच उभी आहे आणि तिचे उत्तर द्यायला काही हिवाळे लागतील. यंदाचा पहिला आकडा वहीत लिहिला आहे, होड्यांचा रकाना ताईंसाठी मोकळा ठेवला आहे.

मे महिन्यातही एकदा जाणार आहे. निफाडकरांनी सांगितलेला, मागे राहिलेला एखादा कोवळा पक्षी दिसतो का ते पाहायचे आहे.

खाजणवाट

मेमध्ये जाल तेव्हा तिथी आधी मला कळवा. भावाने सांगितले की त्या शुक्रवारी सातपाटीच्या होड्या गेल्या होत्या. रकान्यात लिहून ठेवा.